अदलाबदलीचा बैल

माझी मुलगी पाचवीत आहे आणि तिच्या वर्गात सध्या एक वही फिरते. वहीत प्रश्न छापलेले असतात. ज्याच्या हाती वही पडेल त्याने उत्तरं लिहून द्यायची. आवडता रंग, आवडता पदार्थ, आवडती सुटी, पहिला क्रश, आजवर कोणालाच न सांगितलेली गोष्ट. मैत्रिणी संपल्यावर तिने माझ्याकडे मोर्चा वळवला. मी नागपूरबाहेरच्या मिहानमधल्या ऑफिसातून तासभर स्कूटर हाकत नुकतीच घरी आले होते. तरी तिने पर्ससुद्धा खाली ठेवू दिली नाही.

"खरं खरं लिहायचं. खोटं लिहिलंस की मला कळतं," असं म्हणून तिने पेन पुढे केलं. शाळेमुळे ती 'मला-तुला' बोलते. चिडली की मात्र 'मले-तुले'वर येते, आणि ते ऐकून माझ्या बाबांना फार बरं वाटतं.

आवडता रंग मोरपंखी. आवडता पदार्थ म्हणून मी सकाळी सातला टपरीवर उभं राहून खाल्लेले तर्री पोहे लिहिले. त्यावरून नवरा दुखावला, कारण रविवारचे पोहे घरी तो करतो. आवडता वास: उन्हाळ्यात कूलरला नवी वाळ्याची ताटी लावून पहिल्यांदा पाणी सोडलं की येतो तो. आवडता आवाज: हातमागाचा. पहिल्या क्रशपाशी जरा थांबले, मग लिहून टाकलं, 'ज्याला कान हलवता यायचे तो मुलगा.' पोरगी किंचाळलीच. नाव काय, कुठे असतो, बाबाला माहीत आहे का, असे चार प्रश्न तिने एका दमात विचारले. शेवटचा प्रश्न होता न सांगितलेल्या गोष्टीचा. तिथे मी वही मिटली आणि भाजी करपते म्हणून उठले. भाजी अजून चिरलेलीसुद्धा नव्हती.

ती गोष्ट एका लाकडी बैलाची होती, आणि तो बैल त्या वेळी खालच्या मजल्यावर आई-बाबांच्या फ्रीजवर उभा होता.

बाबा विणकर. आम्ही विणकरांच्या वस्तीत दोन खोल्यांच्या घरात राहायचो. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत उरलेला संसार. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बाबा दिवसभर नऊवारी विणायचे. मी त्या आवाजात अभ्यास केला, जेवले, झोपलेही. मी नऊ वर्षांची असताना काम येईनासं झालं. बाबा एका शाळेच्या ऑफिसात चिकटले आणि एका रविवारी त्यांनी माग खोलला. आईने दुसऱ्याच दिवशी खड्डा बुजवून तिथे पलंग टाकला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच पाय पसरून झोपले म्हणून अख्ख्या गल्लीत सांगितलं. बाबांनी मागाचं लाकूड विकलं मात्र नाही. सगळे तुकडे सुतळीने बांधून माळ्यावर टाकले आणि आडवं सूत नेणारा धोटा तेवढा भिंतीवर खिळ्याला टांगला. त्यातल्या सगळ्यात जाड खांबातून पुढच्या वर्षी त्यांनी माझ्यासाठी बैल केला.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोळा खऱ्या बैलांचा आणि तान्हा पोळा लेकरांचा. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून सगळी पोरं मारुतीच्या देवळासमोर रांगेत उभी राहायची. तोरण तुटलं की दोरी ओढत घरोघरी फिरायची. घरोघरी औक्षण व्हायचं आणि हातावर पेन्सिल नाहीतर पेपरमिंट पडायचं, त्याला बोजारा म्हणतात. बैल मुलग्यांनीच आणायचे, असं एका काकूंनी एकदा म्हटलं होतं. आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढे त्यांनी स्वतःच्या मुलीलाही बैल घेऊन दिला.

बाबांना साडी येत होती, बैल येत नव्हता. त्यांनी गल्लीच्या टोकाच्या घरून एक बैल नमुन्याला मागून आणला. तो सुताराने केलेला, हलक्या लाकडाचा आणि देखणा होता. आठ दिवस तो आमच्या पुढच्या खोलीत होता. बाबा सुताने त्याची मापं घ्यायचे, विणकराला सुतावाचून मापच घेता येत नाही. आमचा बैल तयार झाल्यावर त्यांनी उपकाराची फेड म्हणून दोन्ही बैल सारखेच रंगवले. मोरपंखी झूल, तिला साडीसारखे काठ, लाल शिंगं. शेजारी उभे केले तर कोणता कोणाचा हे सांगता येत नव्हतं. उचलल्यावर मात्र कळायचं. मागाचं लाकूड सागवानी, त्यामुळे आमचा बैल जड होता.

नमुन्याचा बैल ज्या घरचा होता, त्या घरचा मुलगा माझ्या एक वर्ग पुढे होता. कान हलवता येणारा हाच तो. चेहरा अगदी गंभीर ठेवून तो आधी डावा कान हलवायचा, मग उजवा, मग दोन्ही. मी आरशासमोर उभी राहून महिनाभर प्रयत्न केला, माझ्या फक्त भुवया हलल्या. त्या आठ दिवसांत तो रोज संध्याकाळी आपला बैल ठीक आहे ना हे पाहायला आमच्याकडे यायचा. आई त्याला काहीतरी खायला द्यायची, तो खायचा, कान हलवायचा आणि जायचा. मला त्या येण्याची इतकी सवय झाली की नवव्या दिवशी बैल परत गेला आणि तो आला नाही, तेव्हा मी जेवले नाही.

तेव्हाच डोक्यात आलं की हा मुलगा बैलासाठी येतो. आपल्या घरात त्याचा बैल असला तर तो येईल.

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी देवळासमोर गर्दी झाली होती. तो आणि मी शेजारीशेजारीच उभे होतो. तोरण तुटलं, पोरं ओरडत सुटली. त्या गोंधळात मी माझी दोरी खाली टाकली आणि त्याची उचलली. त्याने खाली पडलेली दोरी उचलली आणि धावला. झालं. एवढंच. याला चोरी म्हणायला मी आजही तयार नाही, माझ्या मते ते आमंत्रण होतं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर बाबांनी बैल फळीवर ठेवायला उचलला आणि ते क्षणभर तसेच उभे राहिले. मी दाराआडून पाहत होते. मग त्यांनी तो ठेवला आणि हात धुवायला गेले. त्यांना कळलं नाही, अशी मी समजूत करून घेतली.

पुढचे चार दिवस मी लाल फ्रॉक घालून दाराच्या पायरीवर बसले. आईने विचारलं, "काहून वं, कोनाची वाट पाहून राहिली?"

"कोनाची नाही. हवा खाऊन राहिली."

"घरातली हवा काय कडू लागून राहिली का?" आई म्हणाली आणि आत गेली.

तो आला नाही. पाचव्या दिवशी मीच लाज गिळून गल्लीच्या टोकापर्यंत गेले. तिथे पोरांचा बैलांच्या टकरींचा खेळ चालला होता. दोन्हीकडून बैल जोरात ढकलायचे, ज्याचा उलटेल तो हरला. माझ्या बाबांच्या मागाचा बैल एकामागून एक सगळ्यांना उलटं पाडत होता आणि तो मुलगा आनंदाने नाचत होता. दोन्ही कान हलत होते. एवढं खूश पोरगं मी तोवर पाहिलं नव्हतं. मी तशीच परत आले.

बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. पण काय सांगणार होते? मला तो आवडतो म्हणून तुम्ही माझ्यासाठी केलेला बैल मी देऊन टाकला, हे दहा वर्षांची पोरगी बापाला कसं सांगेल? दिवाळी झाल्यावर सांगू असं ठरवलं. दिवाळीच्या आधीच त्या मुलाच्या वडिलांची काटोलला बदली झाली. टेम्पोत पलंग, कपाट, बादल्या चढल्या आणि सगळ्यात वर माझा बैल. टेम्पो वळताना तो पडेल की काय म्हणून मी कोपऱ्यापर्यंत मागे धावले. पडला नाही.

आता आवडत्या सुटीबद्दल. वहीत मी 'काटोल' असं लिहिलं होतं आणि मुलीला वाटलं मी थट्टा करते, कारण तिच्या मैत्रिणींच्या आयांनी विमानाने जायच्या जागा लिहिल्या होत्या. आमची सुटी वर्षातून एकच असायची. दिवाळीनंतर एसटीने काटोलला जायचं, तिथे बाबांच्या दोस्ताची संत्र्याची बाग होती. बागेत गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे असायचे. तुपात बुडवलेले ते कणकेचे गोळे, वांग्याची झणझणीत भाजी, आणि मग हात पोचेल तेवढी संत्री. येताना आईच्या पिशवीत एवढी संत्री असायची की कंडक्टर तिला उठून जागा द्यायचा, कारण पिशवी उभी राहू शकत नव्हती. आयुष्यात बऱ्याच ठिकाणी फिरून आले, विमानानेही गेले. पण त्या बागेत झाडाखाली आडवं पडून पोटावर हात ठेवल्यावर जे वाटायचं, ते मला पुन्हा कुठे मिळालं नाही.

बदलीनंतरच्या दुसऱ्या दिवाळीला बाबांनी त्या कुटुंबालाही बागेत जेवायला बोलावलं. मी रात्रभर वाक्य घोकलं होतं: आपले बैल बदलले आहेत, ते आपण परत बदलू. तो आला. उंच झाला होता. मी अगोदर म्हटलं, कान हलवून दाखव ना. तो म्हणाला, "ते लहान पोट्टे करतात." आणि बिया किती लांब थुंकता येतात हे दाखवायला लागला. मला इतका राग आला की माझं प्रेम तिथल्या तिथे संपलं. एक मिनिटही लागलं नाही. बैल मात्र तसा संपणारा नव्हता. म्हणून मी बाबांकडे वळले, सांगून मोकळी होते म्हटलं. तेव्हा बाबा आपल्या दोस्ताला सांगत होते, "माग खोलला तेव्हा वाईट वाटलं गा. पन आता वाटत नाही. माझा माग आता पोरीच्या बैलात आहे."

मी तोंडात आख्खं संत्रं कोंबलं आणि वाक्य त्याच्याबरोबर गिळलं.

त्यानंतर दर पोळ्याला घरात तोच परका बैल उतरायचा. बाबा ओट्यावर बसून त्याची डागडुजी करायचे. कधी पाय हलतो म्हणायचे, कधी चाक घासलं, कधी कान तुटला. माळ्यावरून लाकूड काढायचे आणि दिवसभर तासत बसायचे. सुताराने किती कच्चं काम केलं आहे, आपला असता तर एवढी दुरुस्ती निघाली नसती, असं वाटून मी आणखीच खजील व्हायचे. एका वर्षी पाहिलं तर भिंतीवरचा धोटा गायब. कुठे गेला विचारलं तर म्हणाले, "लागला कामात." माझं शिक्षण झालं, लग्न झालं, पोरगी झाली. जुनं घर सोडून आई-बाबा आमच्याच फ्लॅट स्कीममध्ये खालच्या मजल्यावर राहायला आले आणि बैल फ्रीजवर चढला. चौतीस वर्षं गेली, मला वाटतं माणूस एवढ्यात खून पण विसरतो.

यंदा आमच्या स्कीमच्या कमिटीने ठरवलं की तान्ह्या पोळ्याला नुसती सजावट नको. प्रत्येक घरच्या मोठ्या माणसाने माइकवर येऊन आपल्या बैलाची गोष्ट सांगायची आणि मग बैल नातवंडाच्या हाती द्यायचा. बाबा एकोणऐंशी वर्षांचे आहेत. माइकवर ते उभ्या आयुष्यात बोलले नव्हते. त्यांनी माझ्या मुलीकडून कागदावर मुद्दे लिहून घेतले. पहिला मुद्दा तिच्या वळणदार अक्षरात असा होता: हा बैल माझ्या मागाच्या लाकडाचा आहे.

तो कागद वाचून माझी झोप उडाली. बाबा चारशे लोकांपुढे उभे राहून खोटं बोलणार होते आणि ते खोटं माझं होतं. घरात चालून गेलं ते गेलं, पण ज्या माणसाने कधी सुताचा एक धागा कमी लावला नाही, त्याच्या तोंडून मी हे वदवून घेणार होते. आता काहीही करून खरा बैल आणायलाच हवा होता.

जुन्या वस्तीचा व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे. त्यावर त्या मुलाबद्दल विचारलं, तर दहा मिनिटांत पत्ता आला. तो काटोलहून कधीच नागपुरात परतला होता आणि महाल भागात राहत होता. पोळ्याच्या दिवशी बाबा दरवर्षी खरे बैल पाहायला कुहीला आत्याकडे जातात आणि संध्याकाळी परततात. यंदाही ते गेले तशी मी दुपारी खाली गेले. आईला म्हटलं, बैलाला पॉलिश मारून आणते. आई टीव्हीसमोरून न हलता "ने" म्हणाली. बैल उचलला आणि कंबरेत कळ आली. एवढा जड कसा लागतो, असं वाटलं. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून स्कूटरवर पायांपाशी ठेवला.

दार त्यानेच उघडलं. डोक्यावर केस म्हणून काही उरलेलं नव्हतं, त्यामुळे कान आणखीच मोठे दिसत होते. मी ओळख सांगितली, बैल दाखवला आणि इतकी वर्षं घोकलेलं वाक्य एकदाचं म्हणून टाकलं. आमंत्रणाचा भाग अर्थातच गाळला.

तो हसला. "मले माहीत होतं ना. पहिल्याच टक्करीत समजलं. एवढा जड बैल, कोन परत करनार?"

म्हणजे मी पायरीवर बसून होते आणि हा चोरावर मोर होऊन गल्लीत मिरवत होता. त्याच्या आईने आतून येऊन माझे दोन्ही हात धरले, चहा ठेवला, आणि कपाटातून बैल काढून आणायला लावला. बाबांनी रंगवलेली झूल अजून दिसत होती. टकरींत एक शिंग अर्धं उडालं होतं. मी तो उचलला आणि माझे डोळे भरून आले, कारण माझ्या हातात माग होता. काकूंनी मी आणलेला बैल हातात घेतला. "बाप्पा, हा जड झाला का गा?" त्यांनी मुलाला विचारलं.

"बैल नाही जड झाला. तुझे हात थकले आई," तो म्हणाला.

निघताना मी दारात वळले, तर त्याने अगदी गंभीर चेहऱ्याने आधी डावा कान हलवला, मग उजवा, मग दोन्ही. मी रस्त्याच्या पहिल्या चौकापर्यंत एकटीच हसत गेले.

संध्याकाळी बाबा कुहीहून आले. मी बैल फ्रीजवर ठेवून बाजूला उभी होते. शिंगाबद्दल विचारलं तर पडला म्हणून सांगणार होते. बाबांनी चपला काढल्या, वर पाहिलं आणि म्हणाले, "आपला बैल कुठी आहे?"

"हाच ना बाबा."

"हा आपला नाही."

आता गप्प राहण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. दोरी, टक्कर, टेम्पो, काटोल, दुपारची अदलाबदल. मला रडू येत होतं आणि स्वतःचा संतापही येत होता. "हाच तुमच्या मागाचा आहे बाबा. खरा हा आहे. तुम्ही एवढी वर्षं ज्याला जपलं तो त्यांचा होता."

बाबा पलंगावर बसले. "मले त्याच संध्याकाळी समजलं. म्या बनवलेला बैल म्या उचलला, तर मले समजनार नाही का?"

"मग बोलले का नाही?"

"तू बोलली?" त्यांनी विचारलं. ते पुढे म्हणाले, "तो पोट्टा खूश होता. तुले सांगनं असन तवा तू सांगन, असं वाटलं. पन दुसऱ्याचा बैल आपला म्हनून ठेवनं मले जमत नव्हतं. आन तुले उघडं पाडनं बी जमत नव्हतं. मंग काय करता? याले थोडा थोडा आपला करत गेलो."

मग त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. पहिल्या साली चाकं. मग पुढचे पाय. मी दहावीत होते तेव्हा मागचे पाय. कान, वशिंड, शेपूट, डोकं. माझ्या लग्नाच्या साली धोटा मधोमध कापून त्याची दोन्ही शिंगं केली, कारण धोटा दोन्ही टोकांना निमुळताच असतो. एक पायही खरं तर मोडका नव्हता. दर पोळ्याला ओट्यावर बसून माझे बाबा दुरुस्ती करत नव्हते. मी केलेलं खोटं ते एकेक तुकडा लावून खरं करत होते. आणि मी सुताराला नावं ठेवत होते.

"आता तो बैल कुठी आहे?" बाबांनी पुन्हा विचारलं.

"महालात," मी म्हटलं. आई एवढा वेळ टीव्हीचा आवाज बंद करून ऐकत होती. ती म्हणाली, "धन्य आहे वं तुझी. दोनदा आपलाच बैल देऊन आली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा महालाकडे निघाले, आणि तो मारबतीचा दिवस. काळी मारबत, पिवळी मारबत, दोघींच्या अवाढव्य पुतळ्यांची मिरवणूक, हजारो लोक, अर्धे रस्ते बंद. गर्दी ओरडत होती की रोगराई, इडापीडा सगळी घेऊन जा. अर्ध्या तुटलेल्या शिंगाचा बैल पायांपाशी घेऊन मी स्कूटरवर अडकले होते. मीही गळा काढून ओरडले, माझा येडेपणा पण घेऊन जा गे मारबत! बाजूचा माणूस हसला आणि त्याने मला वाट करून दिली. काकूंनी बैल परत देताना एक नवाच प्रश्न विचारला, "पक्कं ना वं? उद्या पुन्हा नाही ना येनार?" टकरींतला जुना बैल मी त्यांच्याकडेच ठेवला. बाबांनी तसंच सांगितलं होतं, की त्यांनी चौतीस वर्षं सांभाळला, तो आता त्यांचा.

दुपारी चारला आपला बैल पुन्हा बाबांच्या पुढ्यात होता. मुलगी नऊवारी नेसून तयार होती. खाली माइकची खरखर सुरू झाली होती. मी सणाची कापडी झूल नीट बसवायला बैल उलटा केला आणि पहिल्यांदाच त्याच्या पोटाखाली पाहिलं. रंग न पोचलेल्या जागी पाय, मान, शेपूट, सगळं गडद सागवानी. पोट मात्र तसंच फिकट, हलक्या लाकडाचं, सुताराच्या हातचं.

"बाबा, पोट नाही बदललं? लाकूड संपलं का?"

"लाकूड आहे अजून माळ्यावरचं. पलंगाखाली ठेवलं आहे."

"मग?"

बाबा मुद्द्यांचा कागद घडी करून खिशात ठेवत होते. माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "तेवढं त्या पोट्ट्याचं राहू दिलं. तू चार दिवस लाल फ्रॉक घालून पायरीवर बसली होती ना."

"कोणता पोट्टा? आजोबा, कोणता पोट्टा?" मुलीने विचारलं. मग ती थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि तिचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला.

खालून आमच्या फ्लॅटचा नंबर पुकारला. मी चव्वेचाळीस वर्षांची बाई, झुलीची गाठ दुसऱ्यांदा सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली, कारण वर पाहिलं असतं तर बाबांना माझा चेहरा दिसला असता.